माळ्यावर बर्फातल्या खाणगावांची जुनी पोस्टकार्डं सापडलीत, कोणाला काही कळतंय का?

तिठ्यावरचा

नमस्कार मंडळी. घर वेंगुर्ला तालुक्यात, रेडीपासून फार लांब नाही. मे महिन्यात नळे परतायला माणसं घातली तेव्हा माळ्यावरचं सगळं सामान खाली काढावं लागलं, त्यात एक गंजलेला बिस्किटाचा डबा निघाला, आत जुनी पोस्टकार्डं. मोजली तर एकवीस. दहा-बारा मुंबई आणि कुठल्या कुठल्या बोटींची आहेत ती सोडून द्या, पण नऊ कार्डं अशी आहेत की बघतच राहावं. डोंगरातली गावं, सगळीकडे बर्फ, लाकडी घरं, डोंगराच्या पोटातून बाहेर ओतलेले मातीचे ढीग, एकावर खूप उंच पुलावरून जाणारी छोटी आगगाडी, एकावर गाढवांचा तांडा.

कार्डांवर इंग्रजीत बारीक नावं आहेत, लेडव्हिल, जॉर्जटाउन, क्रिपल क्रीक वगैरे. एकावर काहीच नाही (ते गाढवांचं).

आता हे आलं कुठून तर घरात एकच उत्तर, सोन्यामामा. बाबांच्या आजीचा भाऊ. मी अर्थातच बघितलेला नाही. हा माणूस म्हातारपणी गावात सगळ्यांना सांगायचा की मी सोन्याच्या खाणीवर होतो. आणि घरी आला तेव्हा गुंजभर सोनं नाही अंगावर, म्हणून नाव पडलं सोन्यामामा. आजी म्हणायची तो मुंबईत कुठल्यातरी साहेबाकडे स्वयंपाकी होता, बाकी सगळ्या बाता.

बाबा रेडीच्या मायनिंगवर टाइम ऑफिसला होते, त्यामुळे खाण म्हटली की मला लाल चिखल, डंपर आणि बार्ज एवढंच डोळ्यासमोर येतं. बर्फातली खाण पहिल्यांदाच बघितली.

विचारायचं असं की ही किती जुनी असतील, हे खरे फोटो आहेत की छापील, आणि तीन कार्डांवर पांढरी बुरशी आलीय तिचं काय करू. ओल्या फडक्याने पुसणार होतो, बायको म्हणाली आधी विचार. शिवाय मुंबईच्या एका जुन्या वस्तूवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पुढच्या बाजूंचे फोटो पाठवले तर तो लगेच म्हणाला सगळा डबा द्या, दोन हजार देतो. एवढ्या लगेच म्हणाला म्हणूनच शंका आली.

---

पाठकोरा

वहिनींना माझा नमस्कार सांगा, ओलं फडकं लागलं असतं तर अर्धं चित्र फडक्यावर आलं असतं.

ही सगळी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातली गावं, रॉकी पर्वतातली. लेडव्हिल दहा हजार फुटांच्या वर आहे, आपलं महाबळेश्वर साडेचार हजार, म्हणजे अंदाज घ्या. १८७७ नंतर तिथे चांदी निघाली आणि दोन-तीन वर्षांत ओसाड दरीत शहर उभं राहिलं. क्रिपल क्रीक सोन्याचं, ते १८९० नंतरचं.

पण पोस्टकार्डाचं वय चित्रावरून काढायला जाऊ नका, पाठीवरून काढा, माझं नाव उगाच नाही पाठकोरा. अमेरिकन कार्ड असेल तर हिशेब असा. १८९८ च्या मे मध्ये तिकडे खासगी छापखान्यांना कार्डं छापून एका सेंटात पाठवायची परवानगी मिळाली. तेव्हाच्या कार्डांवर 'प्रायव्हेट मेलिंग कार्ड' असं लिहिलेलं असतं. १९०१ च्या शेवटापासून नुसतं 'पोस्ट कार्ड' लिहायला मुभा मिळाली, पण पाठीवर पत्ता सोडून काहीही लिहायचं नाही हा नियम तसाच. म्हणून त्या काळातल्या कार्डांवर लोकांनी चित्राच्या कडेला, आकाशात, बर्फावर, मिळेल तिथे मजकूर कोंबलेला दिसतो. १ मार्च १९०७ पासून पाठीवर मधे उभी रेघ आली, डावीकडे मजकूर उजवीकडे पत्ता. म्हणजे रेघ नसेल तर १९०७ च्या आधीचं कार्ड, असेल तर नंतरचं. चित्राभोवती पांढरी चौकट असेल तर साधारण १९१५ ते ३०. कापडासारखा खरखरीत पोत असेल तर त्याच्याही नंतरचं.

फोटो की छापील हे बघायला भिंग लागेल. नसेल तर मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन झूम करा. वर्तमानपत्रासारखे ओळीत ठिपके दिसले तर छापील. ठिपके अजिबात नाहीत, करडा रंग सलग उतरत गेलाय आणि कार्ड तिरकं धरल्यावर काळ्या भागात आरशासारखी निळसर चकाकी येतेय, तर तो खरा फोटो, थेट फोटोच्या कागदावर काढलेला. ती चकाकी म्हणजे कागदातली चांदी वर आलेली असते. चांदीच्या खाणीचा फोटो चांदीनेच काढलेला, बघा.

पाठींचे फोटो टाका. आणि त्या दुकानदाराला तोवर काही बोलू नका. त्याने पाठी मागितल्या नाहीत याचा अर्थ एकतर त्याला काही कळत नाही नाहीतर फार कळतं.

---

माडापोफळी

रे बाबा आधी माका सांग डब्यात डांबरगोळ्ये घातलस काय? आमच्याकडे सगळे घालतत. घातलस तर काढ. माझ्या वडलांच्या लग्नाचो अल्बम असोच गेलो, गोळी वितळान फोटोक चिकाटली.

---

तिठ्यावरचा

घातल्यात 😐 आत्ताच काढतो.

---

कसर_नको

मी कागद-फोटोंच्या जतनाचं थोडं काम करते, सध्या रत्नागिरीत, म्हणजे बुरशी आणि मी एकाच घरात राहतो असं समजा.

डांबरगोळ्यांबद्दल वर सांगितलंय ते बरोबरच. नुसती वाफसुद्धा फोटोला चांगली नाही. आता बुरशी. ती ओली आणि चिकट असेल तर हात लावायचा नाही, कार्ड सावलीत, पंख्याच्या थेट झोतात नाही पण हवेशीर जागी, एकेक सुटं पसरून सुकू द्यायचं. उन्हात अजिबात नाही, उन्हात कार्ड वळतं आणि रंग उडतो. सुकून पावडरीसारखी झाली की तोंडाला मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने (चित्रकलेचा रुंद मऊ ब्रश चालतो) एकाच दिशेने हलकं झाडायचं. डाग राहिला तर राहू द्या. डेटॉल, स्पिरिट, खोडरबर, बायकोचं नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काहीही नको, मी हे सगळं केलेली कार्डं बघितलीत.

ठेवायला पीव्हीसीचे प्लास्टिक पाउच नको, त्याला तो नव्या रेक्झिनसारखा वास येतो त्यावरून ओळखा. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे पाउच घ्या. लॅमिनेशन तर स्वप्नातसुद्धा नको. सगळी घट्ट झाकणाच्या डब्यात घालून बरोबर सिलिका जेल, निळं मिळतं ते घ्या, ओल ओढली की गुलाबी होतं, मग गरम करून परत निळं करता येतं (जुन्या पत्र्यावर, भाकरीच्या तव्यावर नको). आपल्याकडे जूनपासून हवेतली आर्द्रता ऐंशीच्या वर असते आणि साठ-पासष्टच्या वर गेली की बुरशीला अक्षत दिल्यासारखंच. म्हणून पावसाळ्यात डबा उघडायचाच नाही. बघायची हौस असेल तर आत्ता स्कॅन करून ठेवा आणि स्कॅन बघत बसा. ६०० डीपीआय, दोन्ही बाजू, आणि मूळ फाइल टिफमध्ये. मोबाइलच्या स्कॅनर अ‍ॅपने नको, ती अ‍ॅप्स कागद पांढरा करण्याच्या नादात आकाशातले ढग पुसून टाकतात.

---

गडबड_गुंडा

दादा सरळ ऑनलाइन लिलावात टाका, अमेरिकेत लोक अशा कार्डांना हजारो रुपये देतात म्हणे, एक आयफोन निघेल त्यात

---

पाठकोरा

गुंडाभाऊ, छापील कार्डं त्या काळात ढिगाने छापली जायची, त्यातली बहुतेक आजही चहा-वडापावच्या भावात मिळतात. किंमत असते ती खऱ्या फोटोच्या कार्डांना, त्यातही दुकानाची पाटी वाचता येत असेल, माणसं कामावर दिसत असतील, गाव नंतर ओसाड पडलं असेल तर. आयफोन नाही निघणार, कव्हर निघेल.

---

तिठ्यावरचा

बरं, रात्री बसून सगळ्या पाठी बघितल्या. सांगतो.

उंच पुलावरच्या गाडीचं कार्ड रंगीत आहे, पाठीवर मधली रेघ नाही. कडेला 'डेट्रॉइट फोटोग्राफिक कंपनी' आणि एक नंबर. आकाश गुलाबी आहे, डोंगर जांभळा, जरा जास्तच सुंदर.

लेडव्हिलची दोन, क्रिपल क्रीकची तीन, सिल्व्हरटनचं एक, यात मिसळ आहे, काहींना रेघ आहे काहींना नाही. दोघांवर डेन्व्हरच्या कोणा टॅमेनचं नाव. क्रिपल क्रीकच्या एका कार्डावर रस्ता आहे, दोन्ही बाजूंना विटांच्या दुमजली इमारती.

गाढवांचं कार्ड चकाकतंय! तिरकं धरलं तर अगदी माशाच्या खवल्यासारखं. पाठीवर तिकिटाच्या चौकोनात ए झेड ओ अशी अक्षरं आणि चार कोपऱ्यांत चार त्रिकोण, सगळ्यांची टोकं वर.

आणि खरी गंमत नवव्या कार्डात. एकटं तेवढंच पोस्टातून आलेलं आहे. डोंगरउतारावर गाव आणि मागे खाणीचे मनोरे. दोन सेंटचं लाल तिकीट, शिक्का व्हिक्टर, कोलोरॅडो, १९०८. शाई फिकट आहे पण वाचलं. लिहिणारा म्हणतो, प्रिय भावा, मे महिना लागला तरी इथे बर्फ पडतोय, वर आलं की श्वास पुरत नाही, तू तिकडे घाम पुसत असशील. आई बरी असल्याचं पत्र आलं. तुमच्याकडची शाफ्ट (खाणीत उतरायची उभी विहीर) आता किती खोल गेली ते लिही. खाली नुसतं 'तुझा भाऊ'. पत्त्यावर जे नाव आहे ते इथे देत नाही, गोऱ्या माणसाचं आहे, आणि खाली गाव आहे ऊरगाम, मग म्हैसूर, साउथ इंडिया. हे ऊरगाम आम्ही आत्तापर्यंत गोव्यातलं कुठलंतरी गाव समजत होतो, काकांनी तर उरगाव असं वाचून ठेवलेलं. म्हैसूरमध्ये असं काही आहे का?

---

बंगारपेट_पॅसेंजर

अहो!!! आहे का म्हणजे काय! माझं बालपण गेलं तिथे. घराणं बेळगावकडचं, वडील नोकरीला तिकडे. ऊरगाम म्हणजे कोलार गोल्ड फील्ड, केजीएफ. सिनेमातलं नाही, खरं. ऊरगाम नावाचं स्टेशन आहे, बंगारपेटहून जी छोटी लाइन मारिकुप्पमला जाते तिच्यावर. चॅम्पियन रीफ, ऊरगाम, नंदीदुर्ग, म्हैसूर अशा चार मोठ्या खाणी होत्या, लंडनची जॉन टेलर अँड सन्स कंपनी चालवायची. चॅम्पियन रीफ तर शेवटी तीन किलोमीटरपेक्षा खोल गेली. २००१ मध्ये सगळं बंद झालं.

आणि तुमचं कार्ड इथे का आलं ते मला दिसतंय. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे, तिथे कथिल आणि तांब्याच्या खाणी होत्या, त्या एकोणिसाव्या शतकात बसत गेल्या तशी तिथली खाणकामगार माणसं जगभर पांगली. जिथे खडकात भोक पाडायचं तिथे कॉर्निश माणूस. कोलोरॅडोत गेले, ऑस्ट्रेलियात, दक्षिण आफ्रिकेत, आणि कोलारलाही मोठ्या संख्येने आले. एक भाऊ व्हिक्टरला दुसरा ऊरगामला ही त्यांच्यात काही नवलाची गोष्ट नव्हती. जसे आपल्याकडे एका घरातला एक मस्कतला आणि एक बोटीवर. तुमचा गोरा नक्की कॉर्निशच असेल असं मी नाही म्हणत, पण मला तरी तसंच वाटतं.

त्यांच्या बंगल्यांवर स्वयंपाकी, बटलर असायचेच.

म्हणजे तुमचे सोन्यामामा खरं बोलत होते हो.

---

तिठ्यावरचा

थांबा जरा. बाबांना वाचून दाखवतो.

---

पाठकोरा

तोवर मी बाकीचं लिहून टाकतो, नाहीतर झोप लागायची नाही.

उंच पुलाचं कार्ड म्हणजे जॉर्जटाउन लूप. जॉर्जटाउन आणि सिल्व्हर प्लूम ही दोन चांदीची गावं, सरळ अंतर दोन मैल, पण चढ सहाशे फुटांच्या वर. एवढा चढ गाडीला सरळ झेपणार नाही म्हणून १८८४ मध्ये रूळ गोल फिरवून स्वतःच्याच डोक्यावरून पुलाने नेला. रूळ तीन फुटी, माथेरानच्या गाडीचा दोन फुटी आहे त्यापेक्षा थोडा रुंद. खाणीसाठी बांधलं आणि बघायला पर्यटकच जास्त यायला लागले, म्हणून त्याची कार्डं इतकी. १९३९ मध्ये पूल भंगारात काढला, मग १९८४ मध्ये तसाच नवा बांधला. आता लोक नव्या पुलाचा फोटो जुन्या म्हणून विकतात.

त्या गुलाबी आकाशावर विश्वास ठेवू नका. डेट्रॉइट कंपनीने स्वित्झर्लंडमधून फोटोक्रोम नावाची पद्धत आणली होती. मूळ निगेटिव्ह काळी-पांढरीच, तिच्यावरून डांबराचा थर दिलेल्या शिळा तयार करायच्या, एकेका रंगाला एक शिळा, कमीत कमी सहा, कधी चौदापर्यंत, आणि एकावर एक छापायचं. रंग कुठला द्यायचा ते छापखान्यात ठरायचं, जो माणूस रंग ठरवतोय त्याने कोलोरॅडो बघितलेलं असेलच असं नाही. आपल्याकडे लोणावळ्याच्या छापखान्यात देवांच्या तसबिरी शिळेवर छापायचे, साधारण त्याच घराण्यातली विद्या.

या कंपनीत १८९७ मध्ये विल्यम हेन्री जॅक्सन हा फोटोग्राफर हजारो निगेटिव्ह घेऊन सामील झाला. हा माणूस १८७० च्या दशकात खेचरांवर काचा लादून रॉकी पर्वत चढायचा. तेव्हा ओल्या काचेची पद्धत होती, म्हणजे काच जागेवरच रसायनात भिजवायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच तंबूत धुवायची. काही काचा वीस बाय चोवीस इंचांच्या, म्हणजे आपल्या पाटापेक्षा मोठ्या. एक खेचर घसरलं की महिन्याची मेहनत दरीत. त्या काचांमधल्या पुष्कळ आता वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि स्कॅन इंटरनेटवर फुकट, तुमच्या कार्डावरच्या गावाचं नाव टाकून बघा. इतकं झूम होतं की दोरीवरचे वाळत घातलेले कपडे दिसतात.

यातच एक गोम आहे. कार्डाचं वय आणि फोटोचं वय वेगळं. १९०५ च्या कार्डावर १८८५ चा फोटो असू शकतो, कंपन्या जुन्या निगेटिव्ह वर्षानुवर्षं छापत राहायच्या. म्हणून फोटोच्या आत बघायचं. तुमच्या क्रिपल क्रीकच्या रस्त्यावर विटांच्या इमारती आहेत ना, मग तो एप्रिल १८९६ नंतरचा, कारण त्या महिन्यात चार-पाच दिवसांच्या अंतराने दोन आगी लागून लाकडी गाव जवळजवळ सगळं जळलं आणि मग विटांत बांधलं. रुंद रस्ता असेल तर बहुधा बेनेट अ‍ॅव्हेन्यू. शेजारचं व्हिक्टर १८९९ च्या ऑगस्टमध्ये जळलं. ही गावं जळायची फार, सगळं लाकडाचं बांधकाम आणि घरोघरी शेगडी. त्यामुळेच सॅनबोर्न नावाची कंपनी विमावाल्यांसाठी गावागावाचे नकाशे काढायची, एकेक इमारत, विटांची गुलाबी रंगात, लाकडाची पिवळ्या. तेही नेटवर आहेत. फोटोतली कोपऱ्यावरची इमारत कुठल्या वर्षीच्या नकाशात पहिल्यांदा येते ते बघितलं की झालं, मी एका कार्डासाठी तीन रविवार घालवलेत आणि घरच्यांच्या शिव्या खाल्ल्यात.

तुमचं ए झेड ओ म्हणजे अ‍ॅझो, फोटोच्या कागदाचं नाव. अ‍ॅझो कागदावर चारही त्रिकोण वर म्हणजे साधारण १९०४ ते १९१८. १९१८ नंतर दोन वर दोन खाली झाले. म्हणजे गाढवांचा फोटोही त्याच भावाने पाठवला असेल, पाकिटात घालून, म्हणून तिकीट नाही. हा माझा अंदाज हां. कोडॅकने १९०३ मध्ये पोस्टकार्डाच्याच मापाची फिल्म घेणारा घडीचा कॅमेरा काढला होता, त्यामुळे गावातला कोणीही उठून आपल्या गल्लीचं पोस्टकार्ड करू शकत होता. गाढवांना तिकडे गमतीने रॉकी पर्वताची कॅनरी म्हणायचे, त्यांच्या गोड गळ्यामुळे.

---

नाण्यांचा_नाद

चांदीचा विषय निघाला म्हणून घुसतो, कारण या कार्डांचं आपल्याशी जे नातं आहे ते कोलारच्याही आधीचं आहे.

१८९३ पर्यंत आपल्याकडे कोणीही चांदीची लगड घेऊन मुंबई नाहीतर कलकत्त्याच्या टाकसाळीत जायचं आणि ठरलेला खर्च देऊन तिचे रुपये पाडून घ्यायचे अशी सोय होती. रुपया एक तोळ्याचा, बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी. म्हणजे हिंदुस्थान हे चांदीचं केवढं मोठं गिऱ्हाईक होतं बघा. कोलोरॅडोने भरमसाट चांदी काढली, भाव उतरत गेला, रुपयाची किंमत पौंडाच्या तुलनेत घसरत गेली, सरकारला लंडनला पैसे पाठवणं जड व्हायला लागलं. म्हणून २६ जून १८९३ ला सरकारने टाकसाळी खासगी चांदीला बंद केल्या. तारेने बातमी अमेरिकेत पोचली आणि चार दिवसांत चांदीचा भाव धाडकन कोसळला. कोलोरॅडोतल्या खाणी एकामागून एक बंद, पाठोपाठ बँका. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकन सरकारनेही चांदी खरेदीचा कायदा मागे घेतला, मग राहिलंच काय. पोटासाठी चांदीवाले खाणकामगार क्रिपल क्रीकला सोन्यावर गेले.

लेडव्हिलचा सगळ्यात श्रीमंत माणूस होरेस टेबर यातच धुळीला मिळाला. त्याची बायको बेबी डो म्हातारपणी मॅचलेस खाणीच्या तोंडाशी लाकडी खोपटात एकटी राहायची, १९३५ च्या मार्चमध्ये तिथेच थंडीत मेलेली सापडली. त्या खोपटाचीही कार्डं निघतात, मला ती बघवत नाहीत.

हे मी सांगतो तेव्हा लोक म्हणतात अमेरिकेतल्या मंदीचं खापर तू मुंबईच्या टाकसाळीवर फोडतोस. कारणं इतरही होती, रेल्वे बुडाल्या, बँका आधीच डगमगत होत्या. पण त्या जूनमधला धक्का आपल्याकडून गेला एवढं खरं.

---

माडापोफळी

बापरे. आणि आमी म्हणतो अमेरिकेक शिंक इली की आमका ताप येता.

---

तिठ्यावरचा

मंडळी, उशीर झाला, दोन दिवस लाइट नव्हती.

बाबांना सगळं वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, मामा रसम करायचा. आम्हाला कळेना. तर म्हणे लहानपणी मामाआजोबा घरी राहायला आले की एक आंबटतिखट पाणी करायचे, चिंचेचं, मिरं घालून, आणि आजी ओरडायची की हे काय मद्राशी करतोस, आमच्या सोलकढीला काय झालं. मुंबईच्या साहेबाकडे राहिलेला माणूस रसम कुठे शिकला हे इतक्या वर्षांत कोणी विचारलं नाही. चुलत भावाने लगेच फॅमिली ग्रुपवर टाकलं, आता सगळे मामाला सर म्हणतायत.

ज्या बंगल्यावर होता तिथल्या साहेबाने जाताना कार्डं दिली असतील, की याने केरातून उचलली, देव जाणे.

गाढवांचं कार्ड ६०० वर स्कॅन करून मोठं केलं. पहिली दोन गाढवं हलल्यामुळे पुसट आहेत, तिसरं मात्र थेट आपल्याकडे बघतंय. पाठीवर लाकडी फळ्या बांधल्यात, लांब, दोन्ही बाजूंनी जमिनीला टेकतायत. मागे एका दुकानाची पाटी, पुढची अक्षरं गाढवाच्या कानाने झाकलीत, उरलेलं वाचतो तर 'से ऑफिस'. हे काय असावं?

मागचा डोंगर पूर्ण भुंडा आहे. नुसते खुंट. एवढं बर्फाचं थंड गाव आणि एक झाड नाही.

---

बंगारपेट_पॅसेंजर

अ‍ॅसे ऑफिस. खडकाचा तुकडा नेऊन द्यायचा, ते भाजून वितळवून सांगतात टनामागे किती सोनं, किती चांदी. प्रत्येक खाणगावात असायचंच, आधी अ‍ॅसे ऑफिस, मग दारूचं दुकान, देऊळ सगळ्यात शेवटी. झाडं बोगद्याच्या टेकूंना आणि भट्ट्यांना गेली असणार, गाढवांवरच्या फळ्यापण वर खाणीवरच चालल्या असतील.

---

पाठकोरा

पाटी वाचता येणारं, चकाकणारं, १९१८ च्या आधीचं कार्ड. तुमचा दुकानदार दोन हजारांत फक्त हे एक नेत होता, बाकी वीस फुकट. आणि ते व्हिक्टर-ऊरगाम तर मी जन्मात दुसरं बघणार नाही. विकायचं की नाही तुमचा प्रश्न, पण डबा फोडून सुटी सुटी विकू नका. एकत्र आहेत तोवर ती सोन्यामामांची आहेत.

एक विचारू? रेडीच्या मायनिंगचे फोटो आहेत का घरात? म्हणजे जुन्या पिटचे, बार्ज भरतानाचे, काहीही. व्हिक्टरच्या गल्लीतलं प्रत्येक दुकान मला घरबसल्या बघता येतं आणि वेंगुर्ल्याच्या पलीकडची खाण १९७० ला कशी दिसायची ते मला कुठेच मिळालेलं नाही.

---

तिठ्यावरचा

बाबांकडे एकच आहे. टाइम ऑफिसच्या बाहेर आठ-नऊ जण उभे, मागे डंप, सगळ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत रंगलेले, फोटो काळा-पांढरा आहे पण तो रंग लालच हे आपल्याला कळतं. वर्ष लिहिलेलं नाही. बाबा म्हणतात खाणीत गणपती सापडला त्याच्या आधीचा, म्हणजे १९७६ च्या आधीचा, कारण नंतर त्या बाजूला रस्ता झाला आणि तो फोटोत नाही. बघा, बाबांनापण तुमच्यासारखंच जमतं. बाकी फोटो काढतंय कोण, कॅमेरा होता कोणाकडे. हाही स्कॅन केला, मागे पेन्सिलने सगळ्यांची नावं बाबांकडून लिहून घेतली. दोन नावं आठवली नाहीत, उद्या शिरोड्याच्या एकांना विचारणारेत.

---

कसर_नको

पेन्सिलने लिहिलंत ना, शाईने नाही? छान. मऊ पेन्सिल, फोटो पालथा घालून काचेवर ठेवून, दाब न देता.

---

तिठ्यावरचा

हो हो, काचेवरच.

अजून एक. हे सगळं चाललेलं बघून काकू आतून तिची पोथी घेऊन आली. आत खूण म्हणून इतकी वर्षं एक कार्ड घालून ठेवलेलं, तिला वाटायचं कैलास आहे. मोठा पांढरा बुरुजांचा राजवाडा, खाली छापलंय आइस पॅलेस, लेडव्हिल, १८९६. पाठीवर रेघ नाही. म्हणजे दहावं. पण १८९८ आधी अशी कार्डंच नव्हती म्हणालात ना?

---

पाठकोरा

नव्हती. राजवाडा खरोखर बर्फाचा होता, चांदी बुडाल्यावर गावात माणसं यावीत म्हणून बांधलेला. १ जानेवारी १८९६ ला उघडला, मार्च संपता संपता वितळायला लागला म्हणून बंद. फोटो तेव्हाचा, कार्ड पाच-दहा वर्षांनी छापलेलं. राजवाडा गेल्यावर त्याची कार्डं विकत होते बिचारे.

---

तिठ्यावरचा

कोपऱ्यात काकूच्या बोटाचा हळदीकुंकवाचा ठसा आहे, चांगला गडद. तो निघेल का कशाने?

---

कसर_नको

निघाला तरी काढू नका.